चार तास उभं राहिलो, घोडा दिसला पंधरा सेकंद

या महिन्याच्या टपालात रेसकोर्सची पत्रं बरीच निघाली. तक्रारीच्या पत्रांतली मैदानांची नावं आम्ही गाळली आहेत. प्रश्न मात्र कोल्हापुरी थाटातच ठेवले आहेत.

प्रश्न : आम्ही रेसकोर्स नाक्याजवळ राहतो. नाका आहे, रेसकोर्स नाही. म्हणून एकदा खरी रेस बघू म्हटलं आणि वडील, मेहुणा आणि मी असे तिघं एका मोठ्या शहरात गेलो. तिकीट काढून आत शिरलो तर निम्मी गॅलरी दोरी बांधून बंद. भोंग्याचा आवाज घुमतोय, एक शब्द कळंना. पडद्यावर ऊन पडलेलं, आकडे दिसंनात. निम्मी माणसं मैदानाकडं पाठ करून टीव्ही बघतायत, त्यावर भलत्याच गावची रेस चाललेली. आमच्या समोरनं घोडी सुळ्ळकन गेली, कोण जिंकलं सांगायला माणूस नाही. मग परत अर्धा तास बसा. तिसऱ्या रेसला वडा संपला. वडील म्हणाले, यापेक्षा जत्रंतली गाडीची शर्यत बरी. आमचं चुकलं कुठं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी वेळेचा हिशेब बघा. रेसचा घोडा ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पळतो, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मीटर. १२०० मीटरची रेस सव्वा मिनिटाच्या आत आटोपते, २४०० मीटरची अडीच मिनिटांत. दिवसाला आठ रेस धरल्या तरी खरी पळापळ अकरा-बारा मिनिटांची. त्यातही रेलिंगला उभ्या माणसाला घोडे डोळे भरून दिसतात ते शेवटच्या अडीचशे मीटरमध्ये, म्हणजे पंधरा सेकंद. चार तासांतले उरलेले तीन तास अठ्ठेचाळीस मिनिटं कशात घालवायची हे ज्याला ठाऊक आहे तो तिथं रमतो, बाकीचे वडा शोधतात. पूर्वी ही माहिती शेजारी बसलेल्या जुन्या रेसवाल्याकडून फुकट मिळायची. तो शेजारी आता येत नाही आणि क्लबांनी त्याची जागा भरलेली नाही. तुमचा दिवस फुकट गेला त्याचं मोठं कारण हे. बंद गॅलरी आणि घुमणारा भोंगा त्याच्यानंतर.

टीव्हीकडे तोंड केलेली माणसं दुसऱ्या शहरातल्या रेसवर पैसे लावत होती. एका क्लबच्या आवारात दुसऱ्या क्लबच्या रेसचे टोट, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटायच्या पैजा, चालतात, ते कायदेशीर आहे. पण त्यामुळे आवाराचं रूप पालटतं. पैसे लावणाऱ्याला खिडकी आणि पडदा एवढंच लागतं, मैदान लागत नाही. नुसतं बघायला आलेल्याची मग तिथं कुणालाच आठवण राहत नाही.

पुढच्या वेळी असं करा. आत शिरताच पहिलं रेसबुक घ्या, चहा नंतर. रेसबुकाशिवाय बसणं म्हणजे पैलवानांची नावं माहीत नसताना खासबागेत बसणं. एका घोड्याच्या ओळीत त्याचा नंबर, स्टार्टिंग गेटमधली जागा, वय, रंग, आईबाप, पाठीवरचं वजन, जॉकी, ट्रेनर, मालक आणि त्या मालकाच्या जॉकीनं घालायच्या पोशाखाचे रंग एवढं सगळं असतं. नवख्यानं तीनच गोष्टी बघाव्यात : मागच्या चार-पाच रेसमधले नंबर, आज पळायचं अंतर आणि वजन. हँडिकॅप रेसमध्ये चांगल्या घोड्यावर जास्त वजन आणि कमकुवत घोड्यावर कमी वजन देऊन सगळ्यांना एका रांगेत आणायचा प्रयत्न असतो. साधारण पन्नास ते साठ किलोच्या दरम्यान ही वजनं फिरतात. जॉकी हलका असेल तर उरलेलं वजन शिशाच्या पट्ट्यांनी भरून काढतात. मागच्या वेळी जिंकलेला घोडा या वेळी हरला म्हणून लगेच 'फिक्सिंग' म्हणू नका. त्याच्या पाठीवर काही किलो वाढलेत का ते आधी बघा.

दुसरं, आठही रेस बघायचा हट्ट सोडा. तीन निवडा. दहाच्या वर घोडे असलेली एक, लांब पल्ल्याची एक आणि दिवसातली मुख्य एक. चार-पाच घोड्यांच्या रेसमध्ये बघण्यासारखं फार नसतं, आणि मैदानाला उतरती कळा लागली की अशाच रेस वाढतात. लांब पल्ल्याचं कारण वेगळं. ट्रॅकची फेरी २४०० मीटरची असेल, मुंबईच्या महालक्ष्मीला तशी आहे, तर २४०० मीटरची रेस सुटते तिथंच संपते, आणि घोडे तुमच्यापुढून दोनदा जातात. १००० किंवा १२०० मीटरची रेस मात्र पलीकडच्या बाजूला कुठंतरी सुटते. दुर्बीण नसेल तर तुम्हाला सुरुवातीला फक्त रंगीत ठिपके दिसतात. दुर्बीण आठपट मोठं दाखवणारी पुरे. त्याहून जास्तीची हातात थरथरते आणि पळणारा घोडा तिच्यात सापडत नाही.

आता निवडलेल्या रेसचा अर्धा तास. शेवटची वीस मिनिटं राहिली की गॅलरी सोडून पॅडॉकच्या, म्हणजे रेसच्या आधी घोडे फिरवतात त्या रिंगणाच्या, कठड्याला जा. सईस लगाम धरून घोड्यांना गोल फिरवत असतो. घोडा इतक्या जवळून दिवसभरात पुन्हा दिसत नाही, आणि इथं गर्दीही नसते. चाल बघा : मागचं खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढं पडतंय का? पडत असेल तर घोडा मोकळा आहे, अंग आखडलेलं नाही. मान खाली सोडून, कान पुढं ठेवून चालणारा घोडा शांत समजा. मानेवर आणि मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा पांढरा फेस, सारखी शेपटी झटकणं, दोन-दोन माणसांनी धरावं लागणं, ही रेस सुटायच्या आधीच ताकद वाया जात असल्याची खूण. पुण्याच्या पावसाळी दमटपणात सगळेच घोडे थोडे घामेजतात, म्हणून एकट्याकडे न बघता बाकीच्यांशी तुलना करा. डोळ्यांना झापडं आज पहिल्यांदाच बांधली असतील तर तेही लक्षात ठेवा. घोडा इकडंतिकडं बघत राहतो म्हणून ट्रेनरनं ती बांधलेली असतात, आणि पहिल्या वेळी चाल एकदम बदलू शकते.

जॉकी स्वार झाले की तिथून निघा आणि रेलिंगला जागा धरा. विनिंग पोस्टच्या, म्हणजे रेस संपते त्या खांबाच्या, समोर नको. अलीकडं, शेवटच्या २०० मीटरच्या खांबाजवळ उभे राहा. रेस बहुतेक वेळा तिथं ठरते. कुणाचा जॉकी अजून हात न हलवता बसलाय आणि कुणाचा चाबकाला आलाय, हे तिथून उघड दिसतं. हात न हलवणाऱ्याकडे लक्ष ठेवा. पोस्टवर कोण पुढं, याचा निवाडा मात्र तिथून करू नका. पोस्टच्या अलीकडे उभं राहून तिरकं बघितलं की तुमच्या बाजूचा घोडा पुढं असल्यासारखा दिसतो. पोस्टच्या पलीकडे उभं राहिलं तर लांबच्या रेलिंगचा घोडा पुढं दिसतो. कठड्यावरची निम्मी भांडणं या तिरकसपणाची असतात. फोटो त्यासाठीच काढतात.

घोडे नंबरावरून शोधू नका, पळताना नंबर वाचता येत नाही. जॉकीच्या अंगातला रंग आणि टोपीचा रंग दोन्ही रेसबुकातून पाठ करा. एकाच मालकाचे दोन घोडे असले तर अंगरखा सारखा असतो, तिथं टोपीवरून ओळखायचं.

वडिलांचं म्हणणं चूक नाही. जत्रेत गाडी कुणाची, बैल कुठल्या बाजारातून आणला, मागच्या वर्षी काय झालं, हे चहाच्या गाड्यापर्यंत जाईतो कानावर पडलेलं असतं. रेसकोर्सवर तेवढंच रेसबुकातून आणि पॅडॉकमधून स्वतः मिळवावं लागतं. भोंग्याला मात्र उपाय नाही. छपराखाली आवाज घुमतो, उघड्या रेलिंगला थोडा बरा येतो, एवढंच.

प्रश्न : टोटच्या पडद्यावर माझ्या घोड्याला दहाला २५ दिसत होते. घोडा लागला. खिडकीवर १८ हातात पडले. हा काय प्रकार? आणि सगळं धरून कर किती बसतो, इस्कटून सांगा.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : फसवणूक नाही, टोटची रीत आहे. बुकीकडे भाव घेतला की तो तुमच्यापुरता ठरला. टोटमध्ये ठरत नाही. सगळ्यांचे पैसे एका हौदात पडतात, क्लबची कपात होते आणि उरलेले जिंकलेल्या तिकिटांवर वाटले जातात. आकड्यांत बघा, कपात समजा २० टक्के. हौदात ५०,००० रुपये, त्यातले १६,००० तुमच्या घोड्यावर. कपातीनंतर उरले ४०,०००. त्याला १६,००० नं भागलं की अडीचपट, म्हणजे दहाला २५. पडद्यावर हेच होतं. मग घोडे गेटमध्ये शिरत असताना कुणीतरी त्याच घोड्यावर आणखी १०,००० ओतले. हौद झाला ६०,०००, कपातीनंतर ४८,०००; पण तुमच्या घोड्यावरचे पैसे झाले २६,०००. भागून बघा, १.८४ येतात. वरचे पैसे सोडले की दहाला १८.

हौद जितका लहान तितका हा धक्का मोठा. गर्दीच्या दिवशी दहा हजारांनी काही हलत नाही, ओस मैदानावर भाव कोसळतो. कमी प्रेक्षक आले की टोट लहरी होतो, टोट लहरी झाला की प्रेक्षक आणखी कमी होतात, असा तो फेरा आहे. म्हणून लहान मैदानावर पडद्यावरचा शेवटच्या पाच मिनिटांच्या आधीचा आकडा खरा धरू नका.

आता कर. जीएसटी आला तेव्हापासून रेसच्या पैजेवर २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. तो क्लबच्या कमिशनवर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर बसतो. दुखतं ते इथं. वरचीच २० टक्के कपात धरून आणि कर तिकिटावर वेगळा घेतला असं समजून हिशेब करा : शंभर लावायला खिशातून गेले १४०, सगळ्या खेळणाऱ्यांना मिळून परत येणार ८०. म्हणजे रुपयाला सत्तावन्न पैसे. २८ टक्क्यांच्या काळात हाच आकडा साडेबासष्ट होता. कर तिकिटाच्या किमतीत धरलाय की वरून घेतात, हे खिडकीवर आधी विचारा.

जिंकलेल्या रकमेवर आयकर वेगळा, सरसकट ३० टक्के आणि त्यावर उपकर. एका व्यवहारात जिंकलेली रक्कम १०,००० च्या वर गेली की तो ३० टक्के तिथंच कापतात, त्यासाठी पॅन लागतो. दिवसभरात हरलेले पैसे यातून वजा करता येत नाहीत. सकाळी पंधरा हजार हरून संध्याकाळी बारा हजार जिंकलेला माणूस तीन हजारांनी खाली असतो, तरी बारा हजारांवर कर भरतो.

सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं, म्हणून ती जुगारबंदीच्या बाहेर आहे. कर लावताना मात्र तिला कॅसिनो आणि लॉटरीच्या पंगतीत बसवलं आहे. आमचा सल्ला साधा : पैसे लावायचेच असतील तर एका रेसला ठरलेली छोटी रक्कम, ती सिनेमाच्या तिकिटासारखी खर्ची टाकून मोकळं व्हायचं. जॅकपॉटच्या नादाला नवख्यानं लागू नये. पाच रेसचे पाच घोडे बरोबर यावे लागतात, आणि प्रत्येक रेसमध्ये दोन-दोन घोडे घ्यायचे म्हटलं तर दोनाचे पाच वेळा गुणाकार होऊन बत्तीस तिकिटांचे पैसे पडतात. तीन-तीन घेतले तर दोनशे त्रेचाळीस. खिडकीवरचा माणूस हे सांगत बसत नाही.

आणि गावातल्या चहाच्या गाड्यावर बसून फोनवर रेस लावणारा जो असतो, तो बेकायदा. हे पैसे फक्त परवानाधारक क्लबमार्फतच लावता येतात.

प्रश्न : माझा घोडा दुसरा आला म्हणून तिकीट फाडून टाकलं. दहा मिनिटांनी त्यालाच पहिला नंबर दिला! आता काय?
— एक वाचक, कागल

उत्तर : आता काही नाही. फाटलेल्या तिकिटावर पैसे मिळण्याची आशा धरू नका.

घोड्यांनी पोस्ट ओलांडली म्हणजे निकाल लागला असं नसतं. पहिल्या काही नंबरांचे जॉकी खोगीर घेऊन काट्यावर उभे राहतात, वजन जमलं पाहिजे. कुणी कुणाच्या वाटेत आडवा आला असेल तर ऑब्जेक्शन पडतं किंवा स्टुअर्ड, म्हणजे रेसचे पंच, स्वतःहून चौकशी लावतात, व्हिडिओ बघतात आणि नंबर खालीवर करतात. निकाल पक्का झाल्याची खूण होऊन पैसे वाटप सुरू होईपर्यंत तिकीट खिशात. घोडा ऐनवेळी मागं घेतला तर त्या तिकिटाचे पैसे परत मिळतात, त्यासाठीही तेच तिकीट लागतं.

प्रश्न : घरच्यांना घेऊन एकदा जायचं आहे. पुणं बरं की मुंबई? कधी जावं, कसं जावं?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : दोन्ही मैदानं रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचीच. पावसाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर, पुणे. नोव्हेंबरपासून उन्हाळा लागेपर्यंत मुंबई. पहिल्यांदा जात असाल तर पुणे. मैदान आटोपशीर, पॅडॉक आणि रेलिंग यांत पायपीट कमी. शेजारी एम्प्रेस गार्डन आहे, कंटाळलेल्या मुलांना तिथं नेता येतं. जयसिंगपूर किंवा कोल्हापूरहून एसटीनं स्वारगेटला उतरलात की गोळीबार मैदानाकडून रिक्षानं थोडक्यात पोचता. महामार्गाची कामं आणि घाटातली कोंडी धरून दोन तास जादा हाताशी ठेवा. पहिल्या रेसला नाही पोचलात तरी चालेल, पॅडॉकला पोचायचं आहे.

पुण्यात अडचण पावसाची. गवताचा ट्रॅक फार भिजला की घोडे घसरतात, मग रेस पुढं ढकलतात किंवा रद्द होतात, कधी दोन-तीन झाल्यावरसुद्धा. आदल्या रात्री आणि निघायच्या सकाळी क्लबची सूचना बघितल्याशिवाय गाडीत बसू नका. त्याच सूचनेत पेनेट्रोमीटरचा आकडा असतो. जमिनीत टोक किती रुततं याचं ते माप. आकडा वाढला की जमीन मऊ. मऊ जमिनीत वेळ जास्त लागतो आणि वजनदार घोडा जास्त दमतो, म्हणजे मागच्या कोरड्या रेसचे नंबर तितकेसे कामाचे राहत नाहीत. 'फॉल्स रेल' असं लिहिलं असेल तर आतलं गवत वाचवण्यासाठी आतली रेलिंग बाहेर सरकवलेली आहे, असं समजा. घोडे तुम्हाला तेवढेच जवळून दिसतील.

मुंबईला जाणाऱ्यांपैकी काहींना वाटतं की महालक्ष्मी एक्सप्रेस महालक्ष्मीला सोडते. नाही. गाडीचं नाव आपल्या अंबाबाईवरून, आणि ती जाते सीएसएमटीला. दादरला उतरा, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या चर्चगेटकडच्या धिम्या लोकलमध्ये बसा. प्रभादेवी, लोअर परळ आणि मग महालक्ष्मी. तिथून मैदान चालत. रात्रीची गाडी सकाळी पोचते आणि रेस दुपारी सुटते, मधला वेळ महालक्ष्मीच्या देवळात आणि हाजीअलीला जाऊन सत्कारणी लावा.

इंडियन डर्बीच्या दिवशी, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या रविवारी, घरच्यांना नेऊ नका असं आम्ही सांगू. १९४३ पासूनची ही रेस मानाची आहे, ओस पडलेलं मैदान त्या दिवशी फुलतं, हे खरं. पण नवख्या माणसाला त्या गर्दीत पॅडॉकचा कठडा मिळत नाही, आणि कठडा नाही तर मग टीव्हीच बघायचा. त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठवड्यात जा. सदस्यांच्या भागाला कपड्यांचे नियम असतात, बाकीच्या भागात साधे स्वच्छ कपडे पुरतात. मुलांच्या प्रवेशाचं फोन करून विचारून घ्या, कारण तो भागाभागानुसार बदलतो. सोबत टोपी, पाणी आणि डबा. डब्याला गेटवर हरकत घेतली तर बाहेर खाऊन आत जा, आतल्या वड्यावर भिस्त ठेवू नका.

प्रश्न : ही मैदानं आणखी किती दिवस? नातवंडांना दाखवायला काही उरेल का?
— एक निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : महालक्ष्मीचं मैदान १८८३ चं. तिथल्या जमिनीचा भाडेकरार २०१३ मध्ये संपला, आणि २०२४ मध्ये तडजोड झाली : १२० एकर महापालिकेच्या सार्वजनिक उद्यानासाठी, ९१ एकर क्लबकडे. ट्रॅक वाचला. पुण्याचं मैदान लष्कराच्या जागेवर आहे. चेन्नईच्या गिंडीत मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारनं भाडेपट्टा रद्द करून ताबा घेतला आणि प्रकरण कोर्टात गेलं. हे फक्त आपल्याकडेच चाललंय असंही नाही. मकावमधल्या रेस २०२४ च्या मार्चअखेर थांबल्या, सिंगापूरची शेवटची रेस ५ ऑक्टोबर २०२४ ला झाली.

शहराच्या मधोमध शंभर-दोनशे एकर मोकळी हिरवी जागा, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस तिच्यावर बारा मिनिटं घोडे पळतात. नगररचनेच्या नकाशावर हे टिकवणं अवघड आहे, आणि उद्यान मागणाऱ्यांची बाजू आम्हाला खोटी वाटत नाही. कराचा बोजा वर सांगितलाच. तो वाढला की टोटचा हौद आटतो, बक्षिसाची रक्कम आटते, मालक घोडे कमी करतात, रेसमध्ये पाच-सहाच घोडे उरतात, आणि पाच घोड्यांची रेस बघायला कोण येणार? पहिल्या पत्रातली दोरी बांधलेली गॅलरी या साखळीच्या शेवटच्या टोकाला आहे. क्लबांनाही दोष आहेच. बघ्यासाठी पॅडॉकजवळ एक मराठी बोलणारा माणूस माईक देऊन उभा करायला फार पैसे लागत नाहीत.

नातवंडांना दाखवायचं असेल तर पुढच्या मोसमावर ढकलू नका.

प्रश्न : रेसमधनं निवृत्त झालेला घोडा फुकट किंवा स्वस्तात मिळतो म्हणं. आमचा मळा आहे, ऊस आहे, गोठा आहे. हौसेला एक बांधावा का?
— एक शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : घोडा फुकट मिळू शकतो, त्याचं खाणं फुकट नाही. शिवाय गाई-म्हशींची सवय झालेल्या गोठ्यातच घोड्याला जास्त धोका असतो.

पहिला धोका पेंडीचा. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते मानवतं, घोड्याच्या हृदयाला थोडंसंही मारक ठरतं. गाईच्या पाटीत उरलेली पेंड घोड्यापुढं सरकवायची नाही, पाटीसुद्धा वेगळी ठेवायची. दुसरा धोका वाढ्यांचा आणि हत्तीगवताचा. उसाची वाढी (हिरवे शेंडे) आणि हत्तीगवत म्हणजे नेपियर यांत ऑक्झलेट जास्त असतं, ते अन्नातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्महिने तेवढंच घातलं तर घोडा हाडांतलं कॅल्शियम काढतो, चालताना आखडतो, चेहऱ्याची हाडं फुगतात. त्यावर गव्हाचा कोंडा भरपूर दिला तर आणखी बिघडतं, कारण कोंड्यात फॉस्फरस जास्त. कोवळी किंवा पाण्याअभावी कोमेजलेली हिरवी ज्वारीही नको.

साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सात ते नऊ किलो कोरडा चारा लागतो. वाळलेलं गवत मुख्य, जोडीला थोडा लसूणघास, त्यात कॅल्शियम चांगलं असतं. पाणी पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. मिठाचा खडा कायम समोर. रेसच्या तबेल्यातून आलेला घोडा ओट आणि धान्यावर पोसलेला असतो. ते एका दिवसात बंद करू नका, दोन ते तीन आठवडे घेऊन कमी करा. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून खाण्यातला अचानक बदल थेट पोटदुखीवर जातो. पायानं जमीन उकरणं, वळून कुशीकडे बघणं, लोळणं, लीद बंद होणं, ही चिन्हं दिसली की बाटलीनं तेल पाजायच्या फंदात न पडता डॉक्टरला बोलवा. पाजलेलं फुप्फुसात जाऊ शकतं आणि पोटदुखीच्या घोड्याला न्यूमोनिया होऊ शकतो.

घेताना निवृत्तीचं कारण विचारा. पुढच्या दोन्ही पायांच्या गुडघ्याखाली मागच्या बाजूची शीर दोन बोटांत धरून वरून खालपर्यंत चाचपा. एका पायाला ती जाड, गरम किंवा धनुष्यासारखी मागं फुगलेली लागली तर तो घोडा मुलांना पाठीवर घेऊन फिरण्याच्या कामाचा नाही. मालकी सोडल्याचा लेखी कागद आणि ओळखीची कागदपत्रं घ्या. रेसचे हलके ॲल्युमिनियमचे नाल काढून टाकायला लावा, ते मळ्याच्या दगडगोट्यांत टिकत नाहीत. खुरं दर चार ते सहा आठवड्यांनी तासायला हवीत. आधी जवळपास चांगला नालबंद आहे का ते बघा, तो नसेल तर घोड्याचा विचार सोडा. धनुर्वाताची लस दरवर्षी. आणि लग्नाच्या वरातीला तर अजिबात देऊ नका. तो बंदुकीच्या वेगानं गेटमधून सुटायला शिकलेला आहे, बँजो पार्टी आणि फटाके त्याला शिकवलेले नाहीत.

एवढं करूनही तो पहिले काही दिवस रात्री खिंकाळत फिरेल, कारण तबेल्यात त्याच्या दोन्ही बाजूंना घोडे असायचे. दुसरा घोडा घेणं जमत नसेल तर शेजारी एक शेळी बांधा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.